डोंगरावरची खाण आणि दारात आलेला मनाई हुकूम

पत्र : ताई, आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, डोंगराच्या अगदी पायथ्याला. वर काळ्या दगडाची खाण आणि खडीचा क्रशर सुरू झालाय. सुरुंगांनी तीन घरांच्या भिंतींना तडे गेले, दोन विहिरींचं पाणी गढूळ येतं, पऱ्यात भुकटी उतरते. ग्रामसभेत विरोधाचा ठराव झाला आणि एक दिवस आम्ही रस्त्यात बसलो. लगेच खाणमालकाने तालुक्याच्या कोर्टात दावा लावला आणि आमचं काही न ऐकताच आम्हा अकरा जणांविरुद्ध मनाई हुकूम आणला. खाणीपासून दोनशे मीटरच्या आत यायचं नाही, गाड्या अडवायच्या नाहीत, खाणीची बदनामी करायची नाही. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. लोक घाबरून बोलेनासे झालेत. पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. एक पुढारी म्हणतात, "माझ्या नावाने हायकोर्टात जनहित याचिका टाकतो, आठ दिवसांत स्टे आणतो, निवडणुकीत तेवढं लक्षात ठेवा." आणि आमच्याच वाडीतले चार मुलगे खाणीवर डंपर चालवतात. आम्ही काय करावं?

उत्तर :

ताई, तुमच्याविरुद्ध निकाल लागलेला नाही, हे आधी वाडीतल्या प्रत्येकाला सांगा. बेलिफाने जो कागद दिला तो 'तूर्तातूर्त' मनाई हुकूम आहे, म्हणजे कोर्टाने दोन्ही बाजू ऐकेपर्यंतची सोय. दाव्यात खाणमालकाने मनाईचा जो अर्ज दिला असेल त्याला आपल्याकडच्या कोर्टांत 'निशाणी ५' म्हणतात. त्यावर तुमचं म्हणणं अजून यायचं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नुसार नोटीस देऊन समोरच्याला ऐकून मगच मनाई द्यावी हा नियम आहे आणि न ऐकता देणं हा अपवाद. अपवाद केला तर कोर्टाला कारणं लिहावी लागतात, अर्जदाराला दाव्याच्या, शपथपत्राच्या आणि कागदांच्या प्रती तुम्हाला ताबडतोब पाठवाव्या लागतात, आणि अर्जाचा निकाल तीस दिवसांत लावण्याचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो. तेव्हा हुकुमाची नक्कल काढा. कारणं लिहिली आहेत का आणि प्रती तुम्हाला वेळेत मिळाल्या का, हे दोन मुद्दे वकिलांना पहिल्याच भेटीत दाखवा.

वकिलाच्या फीची चिंता करत बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांनाही मिळतो. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या इमारतीतच असतं. अर्ज उद्याच द्या. तारखेच्या आदल्या दिवशी धावाधाव करणाऱ्या प्रतिवादींची कोर्टात फरफट होते. वकीलपत्र दाखल झालं नाही आणि म्हणणं दिलं नाही, तर तुम्ही गैरहजर असताना हाच हुकूम दावा संपेपर्यंत कायम होऊ शकतो. तालुक्याच्या कोर्टात दावा संपायला किती वर्षं लागतात ते तुम्हालाही ठाऊक आहे.

तोपर्यंत हुकूम मोडू नका. तो चुकीचा वाटला तरी नाही. मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवण्याची तरतूद आहे. त्याहून मोठं नुकसान पुढे होतं, कारण न्यायाधीशांसमोर तुम्ही विहीर गढूळ झाल्याचं सांगायला उभ्या राहाल आणि समोरचा वकील तुम्ही दोनशे मीटरच्या आत आल्याचा मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवेल. मग पाण्याची गोष्ट मागे पडेल. बाकीच्या वाडीकरांनीही हुकुमात आपलं नाव नाही म्हणून गाड्या अडवायला जाऊ नये. ते तुमच्या सांगण्यावरून आले असंच कोर्टाला सांगितलं जाईल.

पण हुकूम जेवढं थांबवतो तेवढंच थांबवतो. तहसीलदाराकडे तक्रार करणं, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहिणं, माहिती अधिकारात कागद मागणं, ग्रामसभा घेणं, यातलं काहीही गाडी अडवण्यात मोडत नाही. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ चं कलम ४१ तर स्पष्टच आहे. मनाई देणाऱ्या कोर्टाच्या हाताखाली नसलेल्या दुसऱ्या कोर्टात जाण्यापासून किंवा फौजदारी कारवाई करण्यापासून कुणाला मनाई हुकमाने रोखता येत नाही. म्हणजे तुमची वरची वाट उघडी आहे.

'बदनामी करायची नाही' या वाक्यावर मात्र तुमच्या वकिलांनी खरा जोर लावायला हवा. बदनामी म्हणजे नेमकं काय, हे हुकुमात लिहिलं नसेल तर गढूळ पाण्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकणारी मुलगीही भीत राहील. २०१० साली ओडिशातल्या धामरा बंदरावरून टाटा सन्सने ग्रीनपीसविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला होता. बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे हे सांगायला ग्रीनपीसने एक ऑनलाइन खेळ काढला होता. टाटांनी मनाई आणि दहा कोटींची भरपाई मागितली. जानेवारी २०११ मध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी मनाई नाकारली. सार्वजनिक महत्त्वाच्या प्रश्नावर कुणी टोकाच्या, बोचऱ्या भाषेत बोललं, एवढ्यावरून खटल्याआधीच त्याचं तोंड बंद करता येत नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग आणि झी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही खालच्या कोर्टांना बजावलं की बातमी किंवा लेखावर सुनावणीआधी बंदी हा अगदी अपवादाचा उपाय आहे, आणि पैसेवाल्या पक्षाने लोकांना गप्प करण्यासाठी टाकलेल्या दाव्यांबाबत सावध राहा. हे दोन्ही आदेश म्हणण्याबरोबर जोडायला सांगा. आणि तुमच्या बाजूने जे घडलं तेवढंच लिहा. 'आमच्या विहिरीचं पाणी अमुक तारखेपासून गढूळ आहे' हे कुणालाही सांगता येतं. 'मालक चोर आहे' हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.

आता तुमच्या प्रकरणाचं मर्म जिथे आहे तिथे येते. आदेश ३९ च्या नियम ४ मध्ये एक तरतूद आहे. न ऐकता मनाई मिळवताना अर्जदाराने महत्त्वाच्या गोष्टीबाबत जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगितलं असेल, तर सहसा कोर्टाला तो हुकूम उठवावाच लागतो. खाणमालकाने शपथेवर काय लिहिलंय ते ओळ न् ओळ वाचा. 'माझ्याकडे सर्व परवानग्या आहेत' असं लिहिलं असेल, तर त्या परवानग्या एकेक करून शोधा. गौण खनिजाच्या खाणीला (तुमचा काळा दगड त्यातच येतो), ती पाच हेक्टरपेक्षा लहान असली तरी, पर्यावरण मंजुरी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात हे घालून दिलं. क्रशरला प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र लागतं. सुरुंगाच्या दारूसाठी वेगळा परवाना लागतो. पर्यावरण मंजुरीचे अर्ज केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर सापडतात. त्यात खाणीपासून सर्वांत जवळची वस्ती किती अंतरावर दाखवली आहे, विहिरी आणि पऱ्या दाखवलेत का, ते बघा.

हे का सांगते, तर गोव्यातल्या मोपा विमानतळाचं प्रकरण आठवा. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी स्थगित ठेवली. पठारावरची झाडं किती सुंदर आहेत, यावर ती स्थगिती मिळाली नव्हती. आजूबाजूला राखीव जंगलं आणि संवेदनशील क्षेत्रं असताना अर्जाच्या नमुन्यात ती दाखवलीच नव्हती, हे विरोधकांनी कागद लावून दाखवलं, म्हणून मिळाली. जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठली आणि विमानतळ झाला, हेही खरं. पण त्या अटी तरी त्या लढ्यामुळे आल्या.

मनाई द्यायची की नाही हे ठरवताना न्यायाधीश तीन गोष्टी बघतात : सकृतदर्शनी केस आहे का, मनाई दिली तर कुणाची गैरसोय जास्त, आणि नाही दिली तर पैशाने भरून न येणारं नुकसान होतं का. खाणमालकाचं नुकसान रुपयांत मोजता येतं, दिवसाला किती ब्रास खडी आणि बँकेचा हप्ता किती ते. विहिरीचा झरा एकदा सुरुंगाने फुटून दुसरीकडे वळला तर तो कुठल्याही भरपाईने परत येत नाही. तुमची बाजू इथे भक्कम आहे, पण ती कागदावर यायला हवी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दोन्ही विहिरींचं पाणी तपासून घ्या. तड्यांचे फोटो शेजारी पट्टी धरून काढा आणि पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा काढा. सुरुंगाची तारीख, वेळ वहीत लिहिणारं एक माणूस नेमा. खाणीतून किती दगड निघाला याची यंत्राने होणारी मोजणी, म्हणजे ईटीएस मोजणी, करण्याची लेखी मागणी तहसीलदारांकडे करा. परवानगीपेक्षा जास्त दगड काढला असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होतो, आणि तो आदेश निघाला तर तुमच्या बाजूचा सर्वांत वजनदार कागद तोच ठरेल.

ग्रामसभेचा ठराव जपून ठेवा, पण त्याच्यावरच विसंबू नका. पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागांत, गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. रत्नागिरी जिल्हा पेसात येत नाही. तुमच्या ठरावाला नैतिक बळ आहे, पुरावा म्हणून किंमत आहे, पण नुसत्या ठरावाने खाण बंद होणार नाही.

आता तुम्ही स्वतः स्थगिती मागायची तर कुठे? तालुक्याच्या कोर्टात उलटा दावा लावायचा सल्ला कुणी दिला तर थांबा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट अनुतोष कायद्यात एक अडसर आला आहे. पायाभूत प्रकल्पाच्या कामाला खीळ बसेल किंवा उशीर होईल अशी मनाई दिवाणी कोर्टाने देऊ नये, असं कलम ४१ मध्ये घातलं गेलं, आणि त्या यादीत रस्ते आणि पूल आहेत. तुमच्या भागातली खडी महामार्गाला जात असेल तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी हे कलम वाचून दाखवेल. खाण म्हणजे महामार्ग नव्हे, असं उत्तर देता येतं. पण त्या वादात तुमचे महिने जातील. शिवाय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, ठरवायचे वाद दिवाणी कोर्टाने ऐकू नयेत, असं लवादाच्या कायद्याचं कलम २९ सांगतं.

तुमची जागा म्हणजे याच लवादाचं पुण्याचं पश्चिम खंडपीठ. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम १४ खाली अर्ज करायचा आणि त्याच अर्जात अंतरिम स्थगिती मागायची. भरपाई मागितली नाही तर फी एक हजार रुपये. आणि इथेच माझा जीव टांगणीला लागतो, कारण खाण नेमकी कधी सुरू झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही. कलम १४ ची मुदत वादाचं कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिने आहे. सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस, त्यापुढे लवादालाही अधिकार नाही. पर्यावरण मंजुरीलाच आव्हान द्यायचं तर मुदत त्याहून कमी, तीस दिवस आणि वर साठ. भरपाईच्या मागणीला पाच वर्षं मिळतात, पण भरपाईने खाण थांबत नाही. पहिला सुरुंग कधी लागला ती तारीख आज रात्रीच बसून ठरवा. उशीर झालेल्याचं कोर्ट ऐकतं, पण कमी ऐकतं. नर्मदेच्या प्रकरणात १९९५ पासून जवळपास चार वर्षं सरदार सरोवराची भिंत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सुमारे ऐंशी मीटरवर थांबलेली होती. नंदुरबारच्या डोंगरातल्या गावांनी त्या काळात श्वास घेतला. आणि ऑक्टोबर २००० च्या निकालात बहुमताने म्हटलं की १९८७ च्या मंजुरीला आव्हान द्यायला आंदोलन उशिरा आलं.

वेळेचं मोल काय असतं ते आरेने आपल्या सगळ्यांना दाखवलं. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवारी मुंबई उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. त्याच रात्री झाडांवर यंत्रं चालली. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, दसऱ्याच्या सुट्टीत सर्वोच्च न्यायालयाचं खास खंडपीठ बसलं आणि सोमवारी, ७ तारखेला, आणखी झाडं तोडू नका असा आदेश आला. तोपर्यंत २,१४१ झाडं पडली होती. परवानगी २,१८५ ची होती. स्थगिती मिळाली, पण तिने वाचवायचं ते बहुतेक गेलेलं होतं. म्हणून तुमच्या वकिलांना आतापासून सांगून ठेवा : कुठल्याही टप्प्यावर आपला अर्ज फेटाळला गेला, तर त्याच क्षणी, त्याच न्यायाधीशांसमोर उभं राहून वर जाण्यापुरती काही दिवसांची 'जैसे थे' मागायची. वरच्या कोर्टाचा अर्ज आधीच टाइप करून ठेवायचा.

त्याच आरेची पुढची गोष्ट तुमच्या पुढाऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर देते. २०१९ अखेर सरकार बदललं. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवायचं ठरलं. त्या जागेवर केंद्राने हक्क सांगितला आणि १६ डिसेंबर २०२० रोजी उच्च न्यायालयाने तिथलं काम थांबवलं. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत आली. एप्रिल २०२३ मध्ये, ८४ झाडांपुरती मुभा दिलेली असताना १७७ झाडांसाठी पुढे गेल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो महामंडळाला दहा लाख भरायला सांगितले, तरी प्रकल्प अडू नये म्हणून ती झाडं काढायला परवानगीही दिली. सत्ता बदलली की सरकारची भूमिका बदलते आणि खटल्याचा कल फिरतो. त्या सगळ्यात जे शेवटपर्यंत टिकून होते ते आरेतल्या पाड्यांचे रहिवासी आणि झाडांसाठी स्वतःच्या नावाने उभे राहिलेले नागरिक.

म्हणून पुढाऱ्यांच्या नावाने याचिका नको, असं माझं स्पष्ट मत आहे. जनहित याचिकेत कोर्ट पहिला प्रश्न विचारतं की तुमचा यात हेतू काय. निवडणुकीच्या तोंडावर राजकीय माणूस अर्जदार असेल तर सरकारी वकील आणि खाणमालक दोघेही तेवढंच धरून बसतील. हरित लवाद असताना इथे कशाला आलात, हेही विचारलं जाईल. निवडणूक झाल्यावर त्यांनी पाठपुरावा सोडला तर तुमच्या हातात काही राहत नाही, आणि एकदा फेटाळलेल्या याचिकेचा आदेश पुढे तुमच्याच विरुद्ध दाखवला जातो. आठ दिवसांत स्टे आणतो, असं कुणी प्रामाणिक वकीलही म्हणत नाही. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यातली प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. पुढारी कुठल्या हायकोर्टाबद्दल बोलत होते ते त्यांना विचारून बघा. त्यांना खरंच मदत करायची असेल तर आमदारांमार्फत विधिमंडळात खाणीच्या परवानगीवर तारांकित प्रश्न लावून घ्यावा. त्याचं लेखी उत्तर तुम्हाला लवादापुढे उपयोगी पडेल. अर्जावर सह्या मात्र ज्यांची विहीर गढूळ झाली आणि ज्यांच्या भिंतीला तडा गेला त्यांच्याच हव्यात. त्यात निम्म्या बायका असू द्या. पाणी भरतात त्याच, आणि पाण्याचा रंग कधी बदलला ते त्यांनाच तारखेनिशी आठवतं.

डंपरवरच्या चार मुलांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला फार महत्त्वाचं वाटलं. खाणमालकाचे वकील हीच मुलं कोर्टासमोर उभी करतील, आणि न्यायाधीशांनी त्यांचा विचार करणं योग्यही आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खनिज उत्खनन थांबवलं तेव्हा ट्रकवर कर्ज काढलेल्या हजारो घरांचे हप्ते थकले. उत्खनन बेकायदा होतं म्हणून ते थांबणं बरोबरच होतं, पण त्या घरांची काळजी आधी कुणी केली नव्हती. तुमच्या अर्जातच पर्यायी मागणी लिहा : पूर्ण बंदी नाकारली गेली तर निदान सुरुंग बंद करावेत, विहिरींपासून अंतर पाळावं, क्रशरवर पाण्याचे फवारे आणि आडोसा असावा, पऱ्यात भुकटी उतरू नये. लवाद अनेकदा आधी संयुक्त समिती पाठवून जागेची पाहणी करायला लावतो, मग अशा अटी घालतो. त्या मुलांना साक्षीदार करायची घाई करू नका, त्यांच्या घरी जाणं-येणं तोडू नका. रोजी गेली तर वाडी त्यांच्यासाठी काय करणार, हे ग्रामपंचायतीत आधी बोला.

या आठवड्यात ग्रामसभा बोलवा. जागा दोनशे मीटरच्या बाहेरची, ग्रामपंचायतीच्या आवारातलीच. पोलीस पाटलांना आधी पत्र द्या. तिथे हुकूम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवा आणि काय करायला मनाई आहे, काय करायला नाही, हे वकिलांकडून सगळ्यांसमोर समजावून घ्या. त्याच बैठकीत पहिल्या सुरुंगाची तारीख नक्की करून लिहून घ्या. ती मला कळवा, म्हणजे लवादाची मुदत किती उरली ते पाहून पुढचं लिहिते.